विंडोज १० संपलं. मग जुन्या पीसीला घरचा राउटर करायचा का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि ओळखीतल्या पाच-सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "चांगला चालतोय पीसी, भंगारात द्यायचा का?" विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१४-१५ चं मशीन कितीही ठणठणीत असलं तरी बाद. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, पण १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

"लिनक्स टाका" हे उत्तर सगळेच देतात. मी आमच्या घरच्या चौथ्या पिढीच्या आय-३ मध्ये लिनक्स टाकून त्याला थेट राउटरच केलं. तुम्हीही करावं का? हिशेब मांडूया.

पीसीचा सपोर्ट संपला की बातम्या होतात. राउटरचा संपतो तेव्हा मात्र घरात कुणाला पत्ताही लागत नाही. दिवे लुकलुकतायत, नेट चालतंय, म्हणजे सगळं ठीक! जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने जाहीर केलं की चीनशी जोडलेल्या 'व्होल्ट टायफून' या हॅकर गटाने तिथल्या घरांतले आणि छोट्या ऑफिसांतले शेकडो राउटर ताब्यात घेतले होते. त्यातले बहुतेक सिस्को आणि नेटगिअरचे, आणि कंपनीने अपडेट देणं थांबवलेले. मे २०२५ मध्ये एफबीआयने पुन्हा इशारा दिला: मुदत संपलेल्या राउटरमध्ये मालवेअर घालून गुन्हेगार त्यांचा प्रॉक्सी म्हणून वापर करतायत. म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा, पण आयपी पत्ता तुमच्या घरचा.

गंमत अशी की त्या डब्यातही बहुतेक वेळा लिनक्सच असतं. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स सापडलं, लायसन्सपायी २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला, आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. फरक एवढाच की डब्यातलं कर्नल वर्षानुवर्षं तिथंच अडकून राहतं, आणि पीसीवरच्या डेबियनला अपडेट येत राहतात. एका डेबियन आवृत्तीला साधारण पाच वर्षं, आणि मग पुढची आवृत्ती त्याच मशीनवर. माझ्या मते जुन्या पीसीचा खरा फायदा हाच आहे. वेग वगैरे नंतर.

एक अट लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ आता ३२-बिट पीसीवर इन्स्टॉल होत नाही. पेंटियम ४ च्या काळातलं मशीन असेल तर नाद सोडा.

काम तसं सोपं आहे. पीसीला दोन नेटवर्क पोर्ट हवेत. एक फायबरच्या ओएनटीकडे, दुसरा घराकडे. दुसरा नसेल तर यूएसबी ३ चा गिगाबिट अॅडॉप्टर चालतो. कर्नलमध्ये आयपी फॉरवर्डिंग चालू करायचं, एनएफटेबल्समध्ये नॅट आणि फायरवॉलचे नियम लिहायचे, घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायला डीएनएसमास्क लावायचं. कंपनीने ओएनटी ब्रिज मोडवर टाकून दिला तर उत्तम. नाही दिला तर दोनदा नॅट होतं, पण रोजच्या वापरात ते सहसा जाणवत नाही.

इंटरनेटवरच्या जुन्या गाइडमध्ये हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे आयपीव्ही६. आयपीव्ही४ मध्ये नॅटमुळे घरातली उपकरणं आपोआप झाकली जातात, त्यामुळे नियम ढिसाळ असले तरी निभावतं. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक मोबाइल, टीव्ही, कॅमेऱ्याला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो, आणि आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या आयपीव्ही६ सर्रास देतात. नियम फक्त आयपीव्ही४ साठी लिहिले तर पुढचं दार बंद आणि मागचं सताड उघडं. म्हणून एनएफटेबल्समध्ये दोन्ही धरणारं 'आयनेट' टेबल घ्या, आणि बाहेरून सुरू होणारं प्रत्येक कनेक्शन आधी नाकारा. मग मोबाइल डेटावरून स्वतःच्याच घरावर पोर्ट स्कॅन करून बघा. मी हे तिसऱ्या दिवशी केलं. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

वाय-फायसाठी पीसीच्या कार्डच्या भरवशावर राहू नका. जुनाच राउटर आत अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा: केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये, आणि त्याचं डीएचसीपी बंद. मी ते बंद करायला विसरलो. दोघंही पत्ते वाटत बसले, घरात अर्ध्या उपकरणांना नेट, अर्ध्यांना नाही, आणि आईची मालिका ऐन वेळी अडकली. असा आत ठेवलेला जुना राउटर निर्धोक झाला असं नाही, पण निदान बाहेरून त्याच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही.

आता विजेचं. माझा डेस्कटॉप नुसता बसून साधारण ४० वॅट खातो. म्हणजे दिवसाला जवळपास एक युनिट, महिन्याला २९. साधा राउटर ८ वॅट धरला तर महिन्याला ६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी फरक महिन्याला २३० रुपयांचा, वर्षाला पावणेतीन हजारांचा. त्यात महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये ढकलले गेलात तर आणखी. तेवढ्यात दर वर्षी नवा राउटर येईल! 'फुकटातला राउटर' म्हणणाऱ्यांनी ही बेरीज केलेली नसते.

म्हणून मी महिन्याभरात डेस्कटॉप काढला आणि स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप लावला. स्क्रीन बंद ठेवून तो १०-१२ वॅटमध्ये भागवतो, आणि वीज गेली की बॅटरी असतेच (ओएनटीला मात्र वेगळा बॅकअप लागतो). चोवीस तास चार्जिंगला असलेली बॅटरी फुगू शकते. चार्ज ६०-८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, आणि लॅपटॉप कपाटात कोंडू नका.

एक फायदा मी आधी धरलाच नव्हता. लिनक्समध्ये ४.१९ पासून 'केक' नावाचं रांग सांभाळणारं तंत्र आहे. भाऊ फोटोंचा बॅकअप अपलोड करत असला की माझी मीटिंग अडखळायची, कारण सगळी पॅकेट एका लांबलचक रांगेत उभी राहायची. केक चालू करून अपलोडची मर्यादा प्लॅनच्या थोडी खाली ठेवली आणि ती कटकट मिटली.

तर त्या पाच-सहा जणांना मी काय सांगितलं? लॅपटॉप पडून असेल, आणि महिन्यातून एकदा लॉगिन करून अपडेट बघायची तयारी असेल, तर खुशाल करा. नुसता डेस्कटॉप असेल तर त्यावर लिनक्स टाकून तो पीसी म्हणूनच वापरा. राउटरसाठी ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत असलेलं एखादं मॉडेल विकत घ्या. आणि यातलं काहीच करणार नसाल, तर घरचा राउटर उलटा करून मॉडेल नंबर वाचा आणि कंपनीच्या साइटवर शेवटचं फर्मवेअर कोणत्या सालचं आहे ते बघा. माझ्या काकांच्या राउटरचं २०१७ चं निघालं.