घर शोधताय? आधी शॉट क्लॉक बंद करा!

‘संध्याकाळपर्यंत टोकन द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे.’ भिवंडीत घर शोधायला निघालात की पहिल्याच दिवशी हे वाक्य कानावर पडतं. बास्केटबॉलमध्ये बॉल हातात आला की 24 सेकंदांत बास्केटच्या दिशेने शॉट मारावा लागतो. एजंट मंडळींनी तोच नियम घराला लावलाय. आणि आपणही घाबरून शॉट मारून मोकळे होतो.

पण या शहरात घाई परवडत नाही. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग कोसळली, तेव्हा लोक झोपेत होते. जवळपास चाळीस जीव गेले. इमारत 1984 सालची होती. 29 एप्रिल 2023 ला वळपाड्यात वर्धमान कंपाउंडमधली तीन मजली इमारत पडली, आठ जण गेले. ही माणसं बेफिकीर नव्हती. लूमजवळ, गोदामाजवळ, खिशाला झेपेल असं छप्पर त्यांना हवं होतं, इतकंच. कॉलेज संपवून पहिल्या नोकरीला लागणाऱ्या आपल्यालाही नेमकं तेच हवं असतं.

म्हणून पहिला प्रश्न भाड्याचा नको, इमारतीच्या वयाचा हवा. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, हे विचाराच. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात ‘सी-1’ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य. अशा इमारतीत कुणी स्वस्तात खोली देत असेल तर ती स्वस्त नाही.

दुसरा मुद्दा कागदाचा. ‘ओळखीतलं आहे, अ‍ॅग्रीमेंट कशाला?’ असं सांगणारे खूप भेटतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. घरचे नवीन फ्लॅट बुक करत असतील तर महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट तपासायला दहा मिनिटंही लागत नाहीत. विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही घरी सांगा. आईबाबांना हे माहीत असेलच असं नाही. मोबाइल आपल्या हातात आहे.

तिसरा मुद्दा मात्र कुठल्याच कागदावर सापडत नाही. घर एकदा दिवसा बघा, एकदा रात्री. भिंतीपलीकडे लूम असेल तर खटखट रात्रीच नीट कळते. जमलं तर जोरदार पावसात एक चक्कर मारा. तीनबत्तीच्या मार्केटात पाणी शिरतं हे शहराला माहीत आहे, तुमच्या गल्लीत किती शिरतं ते शेजारच्या किराणावाल्या काकांना माहीत असतं. पद्मानगरला तेलुगू कानावर पडेल, निजामपुऱ्यात उर्दू, कामतघरला आगरी. या शहराची खरी माहिती चहाच्या टपरीवर मिळते, फक्त थोडं थांबून ऐकावं लागतं.

आणि मैदान कुठे आहे, हेही विचारा. मुंबईतलं नागपाडा बघा. दाटीवाटीची वस्ती, जुन्या इमारती, छोट्या खोल्या. तरीही तिथलं बच्चू खान मैदान बास्केटबॉलचं घर मानलं जातं. भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतासिर याच नागपाड्याचे. बास्केटबॉल कोर्टला लागते 28 बाय 15 मीटर जागा. एवढ्याशा जागेने एका मोहल्ल्याला ओळख दिली. आपल्याकडे धोबी तलावाजवळचं टावरे स्टेडियम आहे, वऱ्हाळादेवी तलावाचा काठ आहे. पण शहरभरच्या मुलांना ते पुरणार कसं? खोली दहा बाय बाराची असली तरी चालते, चालत जाता येईल असं मैदान असेल तर!

अर्थात, सगळा धीर भाडेकरूनेच धरायचा का? नाही. धोकादायक इमारतींची यादी नुसती प्रसिद्ध करून भागणार नाही. ती प्रत्येक प्रभागात फलकावर मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगूत लागायला हवी. इमारत रिकामी करा म्हणताना ‘जायचं कुठे’ याचंही उत्तर महापालिकेने द्यायला हवं, नाहीतर लोक नोटीस घडी करून ठेवतात आणि तिथेच राहतात. आपणही हातभार लावू शकतो. कॉलेजच्या एनएसएस युनिटने पावसाळ्याआधीचे दोन रविवार ही यादी घरोघरी वाचून दाखवली, तरी खूप काम होईल.

तोवर एक करा. पुढच्या वेळी कुणी ‘आजच टोकन’ म्हणालं, तर सरळ सांगा, ‘दादा, उद्या रात्री परत बघायला येतो.’ तेवढ्यात ते घर हातचं गेलं तर जाऊ दे. दुसरं मिळेल.