एका वॉर्डात दोन मस्टर

बारा मेच्या संध्याकाळी बहीण ड्यूटीवरून घरी आली. पर्समधून अर्धी जळालेली मेणबत्ती काढून तिनं टीव्हीवर ठेवली, आणि प्लॅस्टिकात गुंडाळलेला एक गुलाब. परिचारिका दिन. फ्लॉरेन्स नाईटिंगेलच्या फोटोला हार, मोठ्या साहेबाचं भाषण, सेवा, त्याग, ममता, पांढऱ्या कपड्यातल्या देवता. देवता म्हटलं की पगार विचारता येत नाही, ही युक्ती ह्या देशात फार जुनी आहे. प्लेगच्या साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातलं पोरगं पाठीवर टाकून दवाखान्यात आणणारी आणि त्याच प्लेगनं 10 मार्च 1897 ला मेलेली सावित्रीबाई ह्यांच्या भिंतीवर नसते. असो. तिलाही भिंतीवर टांगली की हे मेणबत्त्याच लावतील.

बहिणीला विचारलं, भाषणाला कोण कोण होतं? ती म्हणाली, "परमनंटवाल्या खुर्च्यांवर, आमी मागं उभ्या."

त्या एका वाक्यावर मी हे लिहून रायलो. ती म्हणते, "दादा, काही लिहू नको, मले तिथं अजून राहाचं आहे." म्हणून दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तिचंही नाही. भिवापूरच्या ज्या वस्तीत आम्ही राहतो तिथं सगळ्यांना कळेलच. कळू द्या.

फेब्रुवारीतली रात्र. वॉर्ड तीस खाटांचा, खाली चादरी टाकून आणखी पाच-सहा. हिला लागून तिसरा आठवडा. हगवणीनं सुकलेलं एक लेकरू आलं, दोन वर्षांचं. सलाईन लावायचं तर शीर सापडेना. चार वेळा टोचलं हिनं. लेकराची माय किंचाळली, बाप हातघाईवर आला. तेवढ्यात तीस वर्षं नोकरी झालेली एक सिस्टर आली, हिच्या हातातून सुई घेतली, लेकराच्या पायावर बोट फिरवलं, नुसतं बोट, पाहिलंसुद्धा नाही, आणि पहिल्याच टोच्यात रक्त आलं. मोठी गोष्ट आहे. मी त्या बोटाला सलाम करतो. पण सुई चिकटवता चिकटवता ती नातेवाइकांसमोर म्हणाली, "आजकाल काय, जागा भराच्या म्हणून कोणालेही भरतात."

'कोणालेही' म्हणजे कोणाला, हे वॉर्डातल्या मांजरालाही कळलं असेल.

त्या बाईवर मला राग नाही. राग म्हणजे नवा राग नाही; तो जुनाच आहे, आजोबापासून चालत आलेला. माझं डोकं फिरलं ते दुसऱ्या सिस्टरमुळे. ती तिथंच टेबलाशी रजिस्टर लिहीत बसली होती. ती आमची. आमच्या वस्तीतली, आमच्या विहारात पंचशील म्हणणारी, वस्तीतून नर्स झालेली पहिली बाई. लहानपणी तिचा पांढरा ड्रेस दोरीवर वाळताना पाहून बहीण म्हणायची, मले असाच पायजे. तिनं मान वर केली नाही. लिहीत राहिली.

बहीण सकाळी घरी येऊन न्हाणीत बसून रडली. टोचलेल्या लेकरासाठी, का स्वतःसाठी, तिलाच माहीत.

चौदा एप्रिलला चौकात कार्यक्रम होता. ती बाई स्टेजवर, सत्कारमूर्ती. मी कविता म्हणायला उभा राहिलो आणि तिच्याकडे बघून म्हटली. कविता वाईट होती हे आता कळतं, पण बाण बसला. टाळ्याही पडल्या. आपल्या लोकांना आपल्याच माणसावर केलेली कविता फार आवडते. कार्यक्रम झाल्यावर चपला शोधत होतो तर ती मागून आली.

"काहून रे, तू सूतगिरणीत आहेस ना? नवा पोरगा आला का तू शिकवतं का त्याले?"

मी गप्प.

इथं मला माझं सांगावं लागतं. मी कार्डिंगला आहे. कार्डिंगच्या मशीनचं असं आहे की बटण बंद केलं तरी आतला सिलिंडर लगेच थांबत नाही. बाहेरून सगळं गार वाटतं, आवाज खाली येतो, आणि आत तो मोठा लोखंडी रूळ आपल्याच वजनानं कित्येक मिनिटं फिरतच असतो. जुन्या माणसाला हे कानानं कळतं. नव्याला सांगावं लागतं. गेल्या वर्षी ठेकेदाराचा एक छत्तीसगढचा पोरगा साफसफाईला आला. त्याला मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? कारण आठवड्यापूर्वीच सुपरवायझर म्हणाला होता, ह्या पोरांना तयार करा, पुढच्या साली ह्यांच्यावरच खातं चालवू. मला जे येतं तेवढंच माझ्याजवळ आहे. ते मी त्याला दिलं की माझी भाकर गेली. पोराची दोन बोटं गेली. उजव्या हाताची.

हे त्या बाईला कसं कळलं माहीत नाही. गाव लहान आहे.

मग तिनं तिचं सांगितलं, चपला हातात धरून, तिथंच रस्त्यावर. 1980 च्या दशकात ती नर्सिंगला गेली तेव्हा हॉस्टेलात खोलीतल्या पोरीनं तिची खाट सरकवून दाराशी लावली. जेवणाची ताटली वेगळी. बेडपॅन धुवायची पाळी सगळ्या विद्यार्थिनींची असते. हिची ज्या दिवशी पाळी नाही त्या दिवशीही हिचीच. शीर कशी शोधायची ते हिला कोणी दाखवलं नाही. रात्री स्वतःच्या डाव्या हातावर टोचून शिकली. "मले कोणी शिकवलं?" ती म्हणाली. "मी मेली का?"

हेच ते वाक्य, दोस्तहो. सगळ्या वॉर्डांत, सगळ्या गिरण्यांत, सगळ्या घरांत सासू सुनेला हेच म्हणते. मी सोसलं, तू सोस. ब्राह्मणी व्यवस्थेनं आपल्याला उतरंड दिली ती नुसती गावाची नाही, दुःखाचीही उतरंड दिली. आपल्यावर झालेला जुलूम माणूस दागिन्यासारखा जपून ठेवतो आणि खालच्याच्या अंगावर घालतो. त्या बाईच्या डाव्या हातावरच्या टोच्यांपुढे मी मान खाली घालतो. पण त्या टोच्यांचा हिशेब माझ्या बहिणीकडून वसूल करायचा हक्क तिला कोणी दिला? ज्यांनी खाट दाराशी सरकवली त्यांच्याविषयी ती त्या रात्री एक शब्द बोलली असती तर मी तिचे पाय धुतले असते. ती रजिस्टर लिहीत राहिली. हे मी तिला माफ केलेलं नाही.

आता बहिणीचंही लिहितो, नाहीतर भाऊ म्हणून एका बाजूनं लिहिलं असं होईल. ती बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं. ती बाई जीएनएम, जुनी. बाईला कॉम्प्युटरवर नोंद करता येत नाही, एका बोटानं टाइप करते, तर ह्या नव्या पोरी कोपऱ्यात हसतात. माझी बहीणही हसते; तिनंच मला नक्कल करून दाखवली. बाई घड्याळ धरून सलाईनचे थेंब मोजते त्यालाही हसतात. त्या बाईच्या एका बोटात किती लेकरांच्या शिरा आहेत, हे डिग्रीच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

पण हसणं आणि टोमणे हे वरवरचं. खाली काय आहे ते बघा. वॉर्ड एक, रोगी तेच, सलाईन तेच, आणि मस्टर दोन. एकीची सही कायमच्या मस्टरवर. दुसरीचा अकरा महिन्यांचा कागद, मग खंड, मग साहेबाच्या मर्जीनं पुन्हा कागद. काम सारखं, पगारात अर्ध्याहून जास्त फरक. आणि कायमवालीला सांगतात, हिला तयार कर. म्हणजे तुझ्यानंतर तुझी जागा कायमची म्हणून भरायची नाही, ती अशीच कागदावर चालवायची, त्यासाठी हिला तयार कर. कोण करेल? मी केलं नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे: साध्या रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक. बहिणीच्या वॉर्डात रात्री पस्तिसांमागे दोन, कधी एक. ही खरी भानगड. पाच रोग्यांमागे एक बाई असती तर जुनीला नवीजवळ दहा मिनिटं उभं राहायला वेळ मिळाला असता. तेवढी माणसं भरायची नाहीत, आणि दोघींना एकमेकींच्या झिंज्या धरायला मोकळं सोडायचं.

माझी माय मिरचीच्या साताऱ्यावर जाते. भिवापुरी मिरचीचं नाव मोठं, जीआय का काय तो शिक्का मिळाला. नाव मिरचीला, आग बायांच्या हाताला. दिवसभर देठं तोडायची, किलोवर पैसे. तिथं नवी पोरगी आली की म्हाताऱ्या स्वतःहून सांगतात, हाताला तेल लाव, पदर डोळ्याला लावू नको, घरी गेल्यावर लेकराला लगेच घेऊ नको. भांडणं तिथंही होतात, ढिगावरून होतात, आईमाईवरून होतात. पण शिकवण्यावरून होत नाहीत. का? कारण तिथं सगळ्यांचा भाव एक. म्हातारीलाही तोच, पोरीलाही तोच. पोरगी शिकली म्हणून म्हातारीचा किलो कमी होत नाही.

दोन मस्टर काय करतात ते आमच्या शेजारीच दिसलं. पवनी ओलांडली की भंडारा. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली. सरकारनं शिक्षा दिली ती मस्टर बघून. कायमवाले निलंबित, कंत्राटी होते त्यांची सेवाच समाप्त. निलंबित माणूस परत येऊ शकतो. सेवा समाप्त म्हणजे उद्यापासून तू कोण? पुढं फेब्रुवारीत पोलिसांत गुन्हा दाखल झाला तो दोन नर्सांवर. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला, अकरा रोगी गेले, तिथंही तीच वाटणी. चूक कोणाची, किती, ते कोर्ट बघेल. मी एवढंच बघतो की खापर कितीही वरून सुटलं तरी फुटतं ते वॉर्डात रात्री जी उभी असते तिच्या डोक्यावर, आणि कंत्राटी असली तर जास्त जोरात.

लढले का? लढले. 2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिकांनी संप केला, बाहेरच्या ठेक्यानं नर्स भरू नका म्हणून. मागणी शंभर टक्के खरी. तेव्हा बहीण शिकत होती. तिच्या कॉलेजच्या पोरींना वॉर्डात उभं केलं आणि संपवाल्यांनी त्यांना फितूर म्हटलं. त्या पोरींना विचारलं कोणी, बाई तुझ्यासाठीच आहे हा संप, ये, बस आमच्यात? मग 2023 च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनचा संप, 14 ते 20. कायमवाले बाहेर, कागदवाले आत. ऑक्टोबरअखेर आरोग्य अभियानाचे कंत्राटी बसले, आम्हाला कायम करा म्हणून. कागदवाले बाहेर, कायमवाले आत. एका वर्षात दोन संप, आणि दोन्ही मस्टर एका दिवशी बाहेर आले नाहीत. मंत्रालयाला आणखी काय पाहिजे?

गिरणीतला माणूस हे विसरू शकत नाही. 1928 च्या मुंबईच्या संपात बाबासाहेबांनी हाच काटा बाहेर काढला होता. विणकाम खात्यात, जिथं जास्त पैसे, तिथं अस्पृश्य कामगाराला येऊ देत नव्हते, कारण सूत तोंडानं ओढावं लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. मालकाला नाही, कामगाराला! लाल बावटा घेऊन हिंडणाऱ्या पुढाऱ्यांना तोवर ते दिसलंच नव्हतं. बाबासाहेबांनी विचारलं, आधी हे दार उघडा, मग आमची एकी मागा. आज कायमवाल्या संघटनांना माझं तेच विचारणं आहे. तुमच्या सभासद पावतीवर कंत्राटी बाईचं नाव का नाही?

आणि जुन्या सिस्टर शिकवू शकत नाहीत असं मला कोणी सांगू नये. केईएममध्ये अरुणा शानबाग. 27 नोव्हेंबर 1973 ला तिच्यावर हल्ला झाला, करणारा त्याच दवाखान्यातला सफाई कामगार होता. आमच्यातलाच होता, हे लपवून चालणार नाही. तेव्हा तिथल्या नर्सांनी संप केला. आणि मग 18 मे 2015 पर्यंत, एकेचाळीस वर्षं सहा महिने, तिला कुशीवर वळवलं, भरवलं, धुतलं. ज्यांनी तिला चालता-बोलताना पाहिलं होतं त्या रिटायर झाल्या, नव्या आल्या, त्याही रिटायर झाल्या. प्रत्येक जुनीनं नवीला दाखवलं असणार, हिला असं वळव, तोंडात घास असा दे. सुप्रीम कोर्टानं 2011 साली तपासायला डॉक्टर पाठवले तर अंगावर एक बेडसोअर नव्हता. एवढं हातातून हातात देता येतं.

त्या रात्रीनंतर आमच्या वस्तीतली ती बाई आणि बहीण एकमेकींशी ड्यूटीपुरतं बोलतात. मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा बाईनं हिचं बोट धरून एका म्हाताऱ्याच्या मनगटावर ठेवलं आणि म्हणाली, "दाबू नको, ऐक." एवढंच. पुन्हा काही नाही. बहीण म्हणते, ती शीर अजून बोटाला आठवते. मी त्या छत्तीसगढच्या पोराचा पत्ता ठेकेदाराला विचारला. तो म्हणाला, कोणता पोरगा?

बहिणीचा कागद जूनच्या तीस तारखेला संपतो. बाई त्याच दिवशी अठ्ठावन्नाची होऊन रिटायर होते. तिच्या जागेची जाहिरात निघालेली नाही.