बंद दारांचे बळी

हातांत बेड्या, पायांत साखळदंड आणि सुमारे ४० तासांचा प्रवास. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने बेकायदा स्थलांतरित म्हणून १०४ भारतीयांना लष्करी विमानात कोंबून अमृतसरला आणून सोडले. त्यांच्या साखळ्यांची चित्रफीत अमेरिकेच्या सीमा गस्ती दलाच्या प्रमुखांनीच जगाला दाखवली. परतलेल्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. हा प्रकार संतापजनक आहे. पण ही माणसे निदान जिवंत परतली. त्या वाटेवर निघालेली सगळी परतत नाहीत.

सीमा आवळली की माणसे यायची थांबतात, हा हेका अमेरिका १९९४ पासून सोडायला तयार नाही. त्या वर्षी सॅन दिएगोत ‘ऑपरेशन गेटकीपर’ सुरू झाले. शहरांलगतच्या सोप्या वाटा बंद केल्या की वाळवंटातून आणि डोंगरांतून यायला कोणी धजावणार नाही, असा हिशेब सरकारी कागदावर मांडला गेला होता. लोक धजावले, आणि मेले. ॲरिझोनाचे वाळवंट तेव्हापासून प्रेते परत देत आहे. जून २०१९ मध्ये तिथेच भारतातून गेलेली सहा वर्षांची मुलगी उष्म्याने दगावली. तस्करांनी तिच्या गटाला निर्जन जागी सोडून दिले होते आणि मुलीची आई पाणी शोधायला गेली होती. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातमधल्या डिंगुचा गावचे चौघांचे कुटुंब कॅनडाच्या सीमेवर थंडीने गोठून गेले. त्याच वर्षी सॅन अँटोनिओत एका ट्रकमध्ये कोंडलेले ५३ जण मेले. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या नोंदीनुसार त्या एका वर्षात अमेरिका-मेक्सिको सीमेवर ६८६ जण मृत किंवा बेपत्ता झाले. हे अपघात नव्हेत. सरळ दार बंद ठेवण्याच्या धोरणाचे हे बळी आहेत.

तरीही अध्यक्ष ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये सत्तेवर येताच पहिल्याच दिवशी काय केले? आश्रय मागणाऱ्यांना सीमेवरच्या चौकीत रीतसर वेळ घेता यावी यासाठी असलेली ‘सीबीपी वन’ अ‍ॅपमधली सोय बंद केली. सुमारे ३० हजार जणांना मिळालेल्या वेळा रद्द झाल्या. रांगेत उभ्या असलेल्यांना रांगेतून हाकलले, तर ते तस्कराकडेच जाणार आणि तो त्यांच्याकडून जास्त पैसे घेऊन जास्त धोक्याच्या वाटेने नेणार. सीमेचे रक्षण हा प्रत्येक देशाचा हक्क आहे, पण माणसांना मृत्यूच्या वाटेवर ढकलणे त्या हक्कात बसत नाही.

आपल्या सरकारची भूमिका निराशा करणारी आहे. बेड्यांची पद्धत २०१२ पासूनच्या नियमांत आहे, असे परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले. नियम जुना असला म्हणून अपमान कमी होत नाही. कोलंबियाने आपली माणसे आणायला स्वतःची विमाने पाठवली. आपल्याला ते का सुचले नाही? आणि जमिनी विकायला लावून, कर्जे काढायला लावून तरुणांना ‘डंकी’च्या, म्हणजे बेकायदा स्थलांतराच्या, वाटेला लावणारे एजंट पंजाब, हरियाणा, गुजरातेत उजळ माथ्याने दुकाने चालवतात, ते कोणाच्या आशीर्वादाने? १९८३चा उत्प्रवासन कायदा त्यांना रोखू शकलेला नाही. अमृतसरला उतरलेल्यांच्या जबाबांतून या एजंटांची नावे बाहेर यायला हवीत. त्या प्रत्येकावर गुन्हा दाखल झाला पाहिजे.

पंतप्रधान फेब्रुवारी २०२५ मध्येच वॉशिंग्टनला गेले. तिथे आयातशुल्काची चर्चा झाली. आता तरी त्यांनी ट्रम्प यांना स्पष्ट सांगावे, की पुढचे विमान बेड्यांविना यायला हवे आणि आश्रयाचे रीतसर दार पुन्हा उघडायला हवे.