कॅनॉलात नाव का नाही?

परवा कोऱ्हाळे बुद्रुकला कॅनॉलच्या पुलावर गप्पा रंगल्या आणि एका निवृत्त गुरुजींनी चीन काढला. म्हणाले, "चीनच्या राजांनी कालवे खणले, त्यांत नावा सोडल्या. वाहतूक स्वस्त झाली, पेठा वाढल्या, देश श्रीमंत झाला. इंग्रजांनी आपल्याला शंभर मैलांचा नीरा डावा कालवा दिला आणि आपण तो नुसता उसाला पाजला!" नावा चालल्या असत्या तर इथून इंदापूरपर्यंत गावोगाव बाजारपेठ झाली असती, असं त्यांचं ठाम मत. गुरुजी एकटे नाहीत. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले, तेव्हापासून हा सूर बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो.

गुरुजींचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. जड माल पाण्यावरून स्वस्तात जातो आणि चीनला त्याचा मोठा फायदा झाला. पण ज्या कालव्याकडे ते बोट दाखवतात, त्याच्याबद्दल त्यांची समजूत चुकली आहे.

हांगचौपासून बीजिंगपर्यंतचा, सुमारे १,८०० किलोमीटरचा तो महाकालवा. सुई सम्राट यांगने इ.स. ६०५ पासून त्याचे तुकडे जोडायला घेतले, युआन राजवटीने तो बीजिंगकडे वळवला, १४११ मध्ये मिंगांनी तो पुन्हा चालता केला. कशासाठी? सारा वाहायला. मिंग काळात दक्षिणेकडून दरसाल ४० लाख शी धान्य (एक शी म्हणजे साधारण शंभर लिटरचं माप) राजधानीतल्या फौजेच्या आणि अधिकाऱ्यांच्या पोटाला जायचं. त्यासाठी बारा हजारांच्या आसपास नावा आणि लाखावर शिपाई राबत. या शिपायांना सोबत थोडा खासगी माल नेण्याची सवलत होती आणि तिच्यावर लिनछिंगसारख्या पेठा पोसल्या, हेही खरं. पण तो सरकारी गाडीच्या टपावर बसून केलेला व्यापार.

शिवाय पाणी कुणाचं तोडलं ते बघा. शानतुंग प्रांतात कालवा चढावर जातो. नानवांगच्या त्या माथ्यावर नावा तरंगत्या ठेवायला आसपासचे झरे आणि तळी कालव्यासाठी राखून ठेवली होती. ऐन टंचाईत शेतकऱ्याने तळ्याचा बांध फोडून रानाला पाणी घेतलं तर कडक शिक्षा. म्हणजे पीक जळालं तरी चालेल, नाव अडकता कामा नये. कोऱ्हाळ्याच्या शेतकऱ्याला हा कायदा वाचून दाखवा आणि मग विचारा, नाव हवी का.

गुरुजींच्या बाजूने एक भक्कम मुद्दा निघतो, तो मीच मांडतो. १८५५ मध्ये पीत नदीने पात्र बदललं आणि कालवा मधोमध तुटला. १८७२ मध्ये चिनी आगबोटींची कंपनी निघाली, धान्य अधिकाधिक समुद्रावरून जाऊ लागलं, १९०१ मध्ये धान्यसारा पाठवण्याची पद्धतच बंद झाली. कालव्याकाठचा मुलूख त्यानंतर कसा खचला, हे इतिहासकार केनेथ पोमरान्झ यांनी १९९३ च्या पुस्तकात तपशिलाने दाखवलंय. मग कालव्यानेच भरभराट होत होती, हे सिद्ध झालं ना? मला त्यातून वेगळंच दिसतं. सरकारचं धान्य दुसऱ्या वाटेने जायला लागल्याबरोबर सरकारने गाळ काढणं सोडलं. कालवा काठच्या लोकांचा असता तर तो असा वाऱ्यावर सुटला नसता.

चीनची खरी वाढ शोधायची तर यांगत्सेच्या मुखाशी, च्यांगनानमध्ये जायला हवं. तिथे घराघराच्या मागे ओढे आणि पाट, दारात होडी. जशी आपल्याकडे बैलगाडी. तळाचा गाळ काढून तुतीला घालायचा तो होडीतून, सूत-कापड बाजारात न्यायचं तेही होडीतून. हुनान-हुपेचा तांदूळ खासगी व्यापारी मोठ्या नदीने खाली आणत. १६८४ मध्ये समुद्रव्यापार खुला झाल्यावर मांचुरियाची सोयाबीन पेंड गलबतांतून येऊन शेतात पडू लागली. मुलूख सपाट आणि पाऊस भरपूर, त्यामुळे तिथे नावेसाठी पाणी अडवून ठेवावं लागत नव्हतं.

आता नीरा. वाहतुकीचे कालवे इंग्रजांच्या डोक्यात नव्हते असं नाही. इंजिनिअर आर्थर कॉटन तर आयुष्यभर रेल्वेऐवजी जलमार्ग करा म्हणून भांडला. गोदावरीच्या सपाट मुखप्रदेशात त्याच्या कालव्यांतून नावा चालल्यासुद्धा. पण कर्नूल-कडप्पा कालवा सिंचन आणि नौका, दोन्हींसाठी काढला, तो खासगी कंपनीला झेपला नाही आणि १८८२ मध्ये सरकारला विकत घ्यावा लागला. एक अडचण तर उघड आहे. नावेला बारमाही भरलेलं, संथ पाणी लागतं. पिकाला उताराने वाहतं आणि पाळीपाळीने सोडलेलं पाणी लागतं. आपलं आवर्तन संपलं की कॅनॉलच्या तळाशी पोरं मासे धरतात. तिथे गुरुजींची नाव चिखलात रुतून पुढच्या आवर्तनाची वाट बघत बसली असती.

१८७६ च्या दुष्काळात नीरा कालव्याचं काम लोकांच्या हाताला काम म्हणून सुरू झालं, भाटघरचं धरण त्याला पाणी पुरवू लागलं आणि पुढे विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणून पाणी वाटायची शिस्त लावली. माल वाहायला १९१४ मध्ये दौंड-बारामती रेल्वे आली. पण वाहतुकीचं खरं कोडं गुऱ्हाळाने सोडवलं. दहा गाड्या उसाचा एक गाडीभर गूळ होतो. ओझं वाहायचं कसं, यापेक्षा ते शेताशेजारीच कमी कसं करायचं, हे इथल्या माणसाने आधी ओळखलं. वालचंदनगर, मग माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर, सगळे साखर कारखाने उसाच्या जवळ आले, कारण तोडलेला ऊस लांबच्या प्रवासात वाळतो आणि उतारा घटतो. आणि सहकारी कारखान्यांत तर सभासद तोच, जो पाटाचं पाणी धरतो. च्यांगनानच्या होडीवाल्याशी त्याचं नातं जवळचं, सम्राटाच्या शिपायाशी नाही.

हे सगळं मी पुलावर सांगितलं. गुरुजींनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नाव नसू दे. पण वरच्या अंगाला बारमाही ऊस आणि टेलला इंदापूरच्या माणसाने पाळीची वाट बघत बसायचं. तुमच्या त्या शानतुंगच्या शेतकऱ्यात आणि त्याच्यात फरक काय, तेवढं सांगा."

मी काही बोललो नाही. तेवढ्यात खालून पाटकरी सायकलवरून गेला. त्याला दोघांनीही हाक मारली नाही.