‘सवय होईल’ म्हणणं सोपं असतं!

कॉलेज फेस्टचा दिवस. हॉलमध्ये डीजे सुरू, पुढच्या रांगा उभ्या राहून नाचतायत. तुमच्या वर्गातला एकजण मात्र कानांवर हात दाबून भिंतीला टेकलाय. थोड्या वेळाने तो तडक बाहेर पडतो. मागून कुणीतरी म्हणतं, ‘काय नाटकं आहेत याची!’ आणि सगळे हसतात. खरं सांगा, आपणही हसलोय ना कधीतरी?

तो ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न असेल, तर ही नाटकं नसतात. मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या ‘डीएसएम-५’ या नियमावलीत २०१३ पासून संवेदनांमधला हा फरक ऑटिझमच्या निकषांमध्ये आहे. कुणाला आवाज, उजेड, वास, स्पर्श असह्य होतो; कुणाला वेदना किंवा थंडी जाणवतच नाही. एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतं. त्यामुळे ‘काल तर हेडफोनवर फुल आवाजात गाणी ऐकत होतास’ हा मुद्दा टिकत नाही. आपण निवडलेला, हवा तेव्हा बंद करता येणारा आवाज वेगळा. अंगावर येऊन आदळणारा वेगळा.

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘सवय होईल.’ गोची नेमकी इथेच आहे. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटचा गुणगुणाट तुमचा मेंदू काही मिनिटांत मागे ढकलतो. ऑटिस्टिक मुलांच्या एमआरआय अभ्यासांत मात्र काहींच्या मेंदूचा प्रतिसाद असा लवकर ओसरत नसल्याचं दिसलंय. म्हणजे पहिल्या मिनिटाला जो त्रास, तोच चाळिसाव्यालाही. वरून ‘काही होत नाही’ ऐकत राहिलं की माणूस त्रास सांगणंच सोडतो. चेहरा हसरा ठेवतो, घरी जाऊन कोसळतो. मग लेक्चर्स बुडतात, आणि शिक्का बसतो ‘आळशी’चा. सगळ्यात वाईट म्हणजे, स्वतःला जे जाणवतंय ते खोटं आहे असं त्याला वाटू लागतं. असा माणूस खरंच दुखलं-खुपलं तरी कुणाला सांगेल?

कायद्याचं म्हणाल, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची, असं तो सांगतो. व्यवहारात सोय म्हणजे परीक्षेत जादा वेळ, एवढंच समीकरण झालंय. पण गुणगुणणाऱ्या ट्यूबलाइटखाली जादा वेळ म्हणजे जादा त्रासच की! त्यापेक्षा शांत खोली दिली तर?

‘एकासाठी सगळ्यांनी मजा सोडायची का?’ असा प्रश्न येईलच. नाही, कुणी फेस्ट बंद करा म्हणत नाहीये. हॉलजवळचा एक वर्ग शांत बसायला उघडा ठेवा. डीजे कधी सुरू होणार ते आधी सांगा. कुणी लेक्चरला इअरप्लग लावून बसला तर लगेच ‘अ‍ॅटिट्यूड’ समजू नका. मिठी मारण्याआधी विचारा. यातल्या एकाही गोष्टीला बजेट लागत नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘मला हा आवाज सहन होत नाहीये,’ तर पुरावा मागू नका. ‘चल, बाहेर जाऊ या’ एवढं म्हणा.