एका वगळलेल्या प्रकरणाविषयी

कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाविषयी आपल्याकडे वाद होतात, पण ते बहुधा सामाजिक किंवा ऐतिहासिक कादंबरीपुरते. अद्भुतकथा किंवा विज्ञानकथा पडद्यावर आली की सुशिक्षित माणूस 'पोरासोरांची करमणूक' म्हणून मोकळा होतो. आमच्या एका प्राध्यापकांनी तर अशा पुस्तकांची गणना सरळ बालवाङ्मयात करून टाकली. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मला असे म्हणावेसे वाटते की, साहित्याची जितकी बारकाईने चर्चा मी वसतिगृहात रात्री बारानंतर ऐकली, तितकी वर्गात क्वचितच ऐकली. आणि त्या चर्चेचा विषय बहुतेक वेळा जे. आर. आर. टोल्किन यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि तिच्यावरचे पीटर जॅक्सनचे तीन चित्रपट हा असे.

कादंबरी 1954-55 साली तीन खंडांत निघाली. चित्रपट 2001, 2002 आणि 2003 साली आले. तिसऱ्या भागाला अकराच्या अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली. मराठीतही मुग्धा कर्णिक यांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा अनुवाद आहे, आणि आमच्या खोलीत त्याचे खंड हातोहात फिरून त्यांच्या पुठ्ठ्यांची दशा झाली आहे. तेव्हा वाचकहो, इंग्रजी कच्चे आहे ही सबब चालणार नाही!

या चाहत्यांचे स्थूलमानाने दोन तट पडतात. एकाला मी 'पोथीनिष्ठ' म्हणतो. त्यांच्याकडे हिशेबाची वही तयार असते. टॉम बॉम्बाडिल गाळला. जखमी फ्रोडोला नदीच्या उतारापर्यंत पोचवतो तो पुस्तकात ग्लॉरफिंडेलचा घोडा, पडद्यावर मात्र आर्वेनच त्याला घेऊन दौडत येते. हेल्म्स डीपच्या लढाईत एल्फांची पलटण पुस्तकात येतच नाही, ती इथे कवायत करीत येते. दुसरा तट म्हणतो, "अरे, सगळंच दाखवायचं तर पिक्चर संपणार कधी?" आणि या प्रश्नाला उत्तर नसते, कारण तीन चित्रपट मिळून आधीच नऊ तासांच्या वर जातात.

माझ्या मते हा वाद चुकीच्या जागी घातला जातो. किती गाळले याचा हिशेब कारकुनाने करावा. रसिकाने विचारायचे ते इतकेच, की जे गाळले त्याने गोष्टीचा अर्थ हलला का? बॉम्बाडिल गेला म्हणून कथेचे काहीही बिघडत नाही. बी.बी.सी.ने 1981 साली कादंबरीचे नभोनाट्य केले, त्यातही तो नव्हता. (त्या नभोनाट्यात फ्रोडोचे काम करणारा इयन होम पुढे जॅक्सनच्या चित्रपटात म्हातारा बिल्बो झाला, हा योग चाहत्यांना भारी आवडतो.)

फारामिरची गोष्ट जरा वेगळी. पुस्तकात हा तरुण सेनानी अंगठीचा मोह बोलता बोलता बाजूला सारतो. पडद्यावर तो फ्रोडोला कैद करून ऑस्गिलियथपर्यंत नेतो आणि मगच सोडतो. पटकथाकारांचे म्हणणे असे की, ज्या अंगठीने भल्याभल्यांची मती फिरते ती एखाद्याने सहज नाकारली तर प्रेक्षकाला तिचे भय उरणार नाही. युक्तिवाद पटण्याजोगा आहे. तरीही मला पुस्तकातला फारामिर हवा. मोहाला जिंकणारी माणसे आपण नेहमीच पाहतो. ज्याला मोह पडतच नाही असा माणूस दाखवणे अवघड, आणि म्हणूनच तो दाखवायला हवा होता. यावर आमच्या खोलीत अजून एकमत नाही.

पण माझी खरी तक्रार निराळीच आहे, आणि ती शेवटून दुसऱ्या प्रकरणाविषयी. युद्ध संपते, अंगठी नष्ट होते, चौघे हॉबिट आपल्या शायर नावाच्या प्रांतात परत येतात आणि पाहतात तो काय? फाटकांना कड्या, भिंतीवर नियमांच्या याद्या, धान्य गोळा करून बाहेर पाठवलेले, जुन्या गिरणीच्या जागी धूर ओकणारी नवी, आणि रस्त्याकडेची झाडे विनाकारण आडवी पाडलेली. ज्या झाडाखाली बिल्बोचा वाढदिवस साजरा झाला तेही तोडलेले. या साऱ्याच्या मागे पराभूत सारुमान आहे हे खरे. पण सुरुवात त्याच्या हस्तकांनी केलेली नाही, ती फ्रोडोच्याच एका भाऊबंदाने केली. लोथो नावाच्या या गृहस्थाने आधी शेते घेतली, मग गिरण्या, मग खानावळी. आणि गावातलेच काही हॉबिट शिपायाची टोपी घालून शेजाऱ्यांना दरडावू लागले. मग रणशिंग वाजते, गाव उठते, लढाई होते. तीत 19 हॉबिट मरतात. फ्रोडो तलवार उपसत नाही. शरण आलेल्या गुंडांना कोणी मारू नये एवढेच पाहत तो उभा असतो.

हे सारे प्रकरण चित्रपटात नाही. पहिल्या भागात गॅलाड्रिएलच्या पाण्याच्या आरशात जळणाऱ्या शायरची झलक तेवढी दिसते, आणि ते संकट टळले असे समजून आपण पुढे जातो. शेवटी चौघे परततात तेव्हा गाव जसेच्या तसे हिरवेगार. गुत्त्यात ते पेले घेऊन बसतात, आणि लोकांचे लक्ष कोणाच्या तरी थोरल्या भोपळ्याकडे. हा प्रसंग वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. रणातून आलेल्याला घरी कोणी ओळखत नाही, हे दुःख त्यात एका शब्दावाचून आले आहे. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, युद्ध दूर कुठेतरी झाले आणि गाव वाचले. पुस्तक याच्या नेमके उलट सांगते. तुम्ही दूरच्या राक्षसाशी लढत होता, त्या वेळी तुमच्याच भावकीतला माणूस सातबारा आपल्या नावावर करून घेत होता!

टोल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे की, हे प्रकरण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडचे रूपक नव्हे. त्याच्या मुळाशी काही अनुभव आहे, पण तो पुष्कळ जुना, त्यांच्या बालपणीच्या मुलखाची दशा झालेली पाहिल्याचा. बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात त्यांची काही वर्षे गेली होती. 1916 साली ते सोमच्या खंदकांत होते, आणि 1918 पर्यंत एकाचा अपवाद सोडता त्यांचे सारे जिवलग मित्र मारले गेले होते. ज्या लेखकाने दोन्ही पाहिले, रण आणि गावाची वाताहत, त्याने ती एका कथेत बांधली. त्यातले एक काढून दुसरे ठेवणे याला मी संक्षेप म्हणणार नाही.

मी खेड्यातून या महाविद्यालयात आलो. पहिल्या वर्षाच्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा ओढ्याकाठची आंब्याची ओळ रस्तारुंदीकरणात गेलेली होती, आणि मोबदल्यावरून दोन चुलत घरांत बोलणे बंद झाले होते. त्याच सुट्टीत मी ते प्रकरण वाचले. त्याला कोणी बालवाङ्मय म्हटले की मला राग येतो तो यामुळे.

गंमत अशी की, चित्रपटवाल्यांनी हा शेवट कापण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस एका अमेरिकी पटकथाकाराचा आराखडा टोल्किन यांच्यापुढे आला होता. 1958 साली त्यांनी त्यावर कलमवार टिपण लिहिले: गरुडांचा ऊठसूट उपयोग, लढायांचा सोस, आणि मूळ कथेचा गाभा कुठे आहे हेच न उमगणे. त्या आराखड्यातही शेवट कापलेला होता. त्यावर त्यांचे म्हणणे असे, की मग सारुमानला मारण्याचे तरी काय कारण? कापाकापीला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. जॅक्सनच्या तिसऱ्या भागात, चित्रगृहात दाखवलेल्या आवृत्तीत, सारुमान दिसतच नाही. विस्तारित आवृत्तीत तो मनोऱ्यावरून कोसळून मरतो. म्हणजे दोन्ही आवृत्त्यांत त्याला शायरची वाट बंदच.

वेळ नव्हता, असे दुसरा तट सांगेल. पण तिसरा भाग 201 मिनिटांचा आहे, आणि त्याच्या शेवटी निरोपावर निरोप इतके चालतात की प्रेक्षक दोनदा उठून पुन्हा खाली बसतात, ही चाहत्यांची नेहमीची थट्टा. बिछान्यावरचे ते लांबलेले हास्यविनोद निम्मे केले असते तर तोडलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी सॅम गुडघे टेकून गॅलाड्रिएलने दिलेले बी मातीत घालतो, एवढे तरी दाखवता आले असते. त्याला संवाद लागत नाहीत, सैन्य लागत नाही. पुस्तकात ते झाड पुढच्या वसंतात सोनेरी फुलांनी भरते, आणि लांबलांबून लोक ते पाहायला येतात.