‘चार वर्षांसाठी’ आलेली माणसे

माझे वडील बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पिंपरीला आले ते १९७३ साली. आले ते ‘चार वर्षांसाठी’. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, बैलजोडी विकली गेली. आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि तिथे मिळणारी सुकडी पदराला बांधून घरी आणत होती. चार वर्षे कारखान्यात काम करायचे, चार पैसे गाठीला बांधायचे, विहिरीवर इंजिन बसवायचे आणि परत फिरायचे, असा वडिलांचा साधा हिशेब होता. २००९ साली ते इथेच वारले. गावच्या घराची किल्ली त्यांच्या लोखंडी पेटीत शेवटपर्यंत होती. ती आता माझ्याकडे आहे.

माणसे शहरात का येतात, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर म्हणजे गावात पाणी नाही आणि शहरात काम आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. पाणी तर आमच्या गावात कुणालाच नव्हते. मग सगळे गाव पिंपरीला का आले नाही? ज्यांची शहरात ओळख नव्हती, ते ऊसतोडीला गेले. वडिलांच्या खिशात कासारवाडीतल्या एका गाववाल्याचा पत्ता होता. एका खोलीत सातजण राहत. तीन पाळ्यांमुळे अंथरूण कधी गार होत नसे. पुढे त्याच पत्त्यावर आमच्या गावची आणखी वीस-बावीस माणसे उतरली. शहरात यायलाही वशिला लागतो, आणि तो बहुधा आपल्याच गल्लीतला असतो.

काम मात्र खरोखरच होते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. टेल्को, बजाज ऑटो यांच्यासारखे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी भोसरीची शेकडो वर्कशॉपे उभी राहिली. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. २००१ मध्ये ती दहा लाखांवर आणि २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे किती माणसांसाठी पाणी आणि रस्ते आखायचे, याचा हिशेबही अंदाजानेच चालला आहे.

वडिलांची चार वर्षे १९७७ साली संपली. परत जाण्याऐवजी त्यांनी आम्हालाच इकडे आणले. मी सहा वर्षांचा होतो, मला शाळेत घालायचे होते. सांगायचा मुद्दा हा की माणूस शहरात येतो कामासाठी, पण राहतो मुलांच्या शाळेसाठी. माझी दहावी, मग धाकटीचे लग्न, मग ग्रॅच्युइटी, मग नातवंडे, असे परतीचे गाडे पुढे पुढे जात राहिले. आईने पुढची बावीस वर्षे पाळीवर जाणाऱ्या अकरा कामगारांचे डबे केले. जनगणनेच्या कागदावर तिच्या येण्याचे कारण मात्र ‘कुटुंबासोबत’ एवढेच.

आता या ‘चार वर्षां’चा शहरावर काय परिणाम झाला तो पाहा. परत जायचेच आहे म्हटल्यावर भांडायचे कशासाठी? नळ दोन दिवसांनी आला तरी चालते, गटार उघडे असले तरी चालते. कामगारांना परवडतील अशी घरे देण्यासाठी १९७२ साली प्राधिकरण स्थापन झाले, पण घरांपेक्षा माणसे भराभर आली. वडिलांनी १९८६ साली चिखलीच्या बाजूला अर्धा गुंठा घेतला. स्टॅम्पपेपरवर सही झाली आणि पत्र्याचे घर उभे राहिले. चिखली तेव्हा पालिकेच्या हद्दीत नव्हती, ती १९९७ साली आली. माणसे आधी, रस्ता नंतर, आराखडा त्याच्याही नंतर, असा आमच्या शहराचा क्रम राहिला. मग एके दिवशी नोटीस येते आणि आयुष्यभराची कमाई ‘अनधिकृत बांधकाम’ ठरते.

यात चूक फक्त सरकारची, असे म्हणून मोकळे होता येईल. पण वडिलांचे मतदार यादीतले नाव १९९९ पर्यंत गावातच होते. निवडणूक आली की उमेदवार ट्रक पाठवायचे, सगळी चाळ गावाकडे जायची आणि मतदान करून, जेवून परत यायची. ज्याचे मत इथे नाही, त्याच्या गटाराची काळजी नगरसेवकाने का करावी? आणि जो गावात राहत नाही, त्याच्या मतावर गावाचे तरी काय भले होणार? आमच्यासारख्यांनी दोन्हीकडे अर्धे अर्धे राहून दोन्ही ठिकाणांचे नुकसान केले, असे मला आता वाटते.

सर्वांत अवघड हिशेब पाण्याचा आहे. आमच्या नळाला पवना धरणाचे पाणी येते. ते बंद जलवाहिनीतून शहरात आणण्याची योजना निघाली तेव्हा मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले. धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी वेळ येऊ नये एवढेच त्यांचे म्हणणे होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मारले गेले आणि काम थांबले. पुढे २०१९ मध्ये, भरपूर पाऊस झालेल्या वर्षीही, शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले. ज्याच्या शेताला पाणी मिळाले नाही म्हणून जो शहरात आला, त्याच्याच नळासाठी दुसऱ्या शेतकऱ्याच्या पाण्यावर नजर ठेवावी लागते. वडील असते तर त्यांनी कुणाची बाजू घेतली असती, हे मला आजही सांगता येत नाही.

शहरे वाढू नयेत, असे मी म्हणत नाही. पिंपरीला आलो नसतो तर मी शिकलो नसतो, हे लेखणी हातात धरून नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. म्हणणे एवढेच की येणारा माणूस परत जाईल, हे गृहीत धरणे आता सर्वांनीच सोडावे. कारखान्याला परवानगी देताना त्याचे कामगार राहणार कुठे आणि पिणार कोणते पाणी, हे आधी विचारले जावे. धरणाकाठच्या गावांचा हिस्सा आधी बाजूला काढून मग शहराचे माप भरावे. आणि आलेल्यानेही पहिल्याच वर्षी इथला नागरिक व्हावे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागताच हजारो माणसे चालत गावाकडे निघाली. वर्षानुवर्षे राबूनही हे शहर त्यांना आपले वाटले नव्हते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आमच्या वरच्या खोलीत नांदेडकडचा एक मुलगा भाड्याने राहतो. चाकणला कंत्राटी काम करतो. परवा मी त्याच्या हातात मतदार नोंदणीचा अर्ज ठेवला.

“कशाला काका,” तो हसून म्हणाला, “दोन-चार वर्षांचाच तर प्रश्न आहे.”

मी त्याला पेटीतली किल्ली दाखवली आणि शेजारी बसवून अर्ज भरून घेतला.